नांदेड ते लातूर डाकोटाने: थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्स्चर कसे सांभाळतात?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जेट विमान उडवायची सवय असलेल्याला इंजिनासाठी एकच दांडा माहीत असतो. पुढे ढकलला की जोर वाढतो, मागे घेतला की कमी होतो. पण डग्लस डीसी-३, म्हणजे आपल्याकडे डाकोटा म्हणतात ते विमान निवडलं, की प्रत्येक इंजिनामागे तीन दांडे समोर येतात: थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्स्चर. बहुतेक नवशिके तिन्ही पूर्ण पुढे ढकलतात. विमान उडतंही. मात्र इंजिन बिघडण्याची सेटिंग चालू असेल, तर थोड्याच वेळात इंजिन तापतं आणि बंद पडतं.

डाकोटा मराठवाड्याला अगदीच परकी नाही. नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा १९४५ साली सुरू झालेल्या डेक्कन एअरवेजकडे हीच विमानं होती. १९५३ मध्ये ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. सिम्युलेटरमध्येही डाकोटा जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००३ च्या आवृत्तीत ती होती, २०२२ मध्ये पुन्हा आली.

थ्रॉटल इंजिनात किती हवा जाऊ द्यायची ते ठरवतो. त्याचा परिणाम मॅनिफोल्ड प्रेशरच्या काट्यावर, पाऱ्याच्या इंचांत दिसतो. इंजिन बंद असताना हा काटा बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो जवळपास ३० इंच असतो, तर साधारण साडेबाराशे फुटांवरच्या नांदेडच्या धावपट्टीवर साडेअठ्ठावीसच्या आसपास. उड्डाणाच्या वेळी डाकोटाचं इंजिन ४८ इंचांपर्यंत जातं, कारण सुपरचार्जर हवा कोंबून आत भरतो.

प्रोपेलरच्या दांड्यावरच खरा गोंधळ होतो. हा दांडा जोर देत नाही, इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यायचे ते ठरवतो. ते फेरे कायम राखण्यासाठी गव्हर्नर पात्यांचा कोन आपोआप बदलत राहतो. म्हणून हवेत थ्रॉटल थोडा मागे घेतला, तरी आरपीएमचा काटा हलत नाही. सिम्युलेटर बिघडला असं अनेकांना इथेच वाटतं.

उसाची भरलेली ट्रॉली चढावर वरच्या गिअरमध्ये ओढणारा ट्रॅक्टर आठवावा. फेरे कमी, भार जास्त, आणि इंजिन ठोकायला लागतं. डाकोटात प्रोपेलर मागे आणि थ्रॉटल पुढे ठेवला, तर नेमकं हेच होतं. सिलिंडरमधलं मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटतं आणि पिस्टनला मार बसतो. म्हणूनच क्रम ठरलेला आहे. जोर वाढवताना आधी मिक्स्चर, मग प्रोपेलर, शेवटी थ्रॉटल. कमी करताना बरोबर उलटं, आधी थ्रॉटल. क्रमामागचं कारण कळलं, की तो पाठ करावा लागत नाही.

नांदेड–लातूर हवाई अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर, दिशा नैर्ऋत्य. उड्डाणाला २७०० फेरे आणि ४८ इंच. इथे थ्रॉटल टोकापर्यंत रेटायचा नाही, काटा पाहून थांबायचं. चाकं वर घेतली, चढ स्थिर झाला, की थ्रॉटल ३६ इंचांवर आणि मग प्रोपेलर २३५० वर. वर जाताना हवा विरळ होते तसा दाबाचा काटा घसरतो, म्हणून थ्रॉटल अधूनमधून किंचित पुढे सरकवावा लागतो. ६,५०० फुटांवर पोचल्यावर २८ इंच आणि २०५० फेरे. डावीकडे अहमदपूर मागे पडेपर्यंत कानांनाही फरक कळतो.

मिक्स्चर डाकोटात तुलनेने सोपं आहे. दांड्याला ‘ऑटो रिच’ आणि ‘ऑटो लीन’ असे ठरलेले टप्पे आहेत. उड्डाण, चढ आणि उतरताना रिच, सपाट उड्डाणात लीन. जादा पेट्रोल इंजिन थंड ठेवायलाही मदत करतं, त्यामुळे पूर्ण जोरात लीनवर ठेवणं महागात पडतं.

सिम्युलेटरमध्ये मे महिन्याची दुपार निवडली तर परीक्षा कठीण होते. ४२ अंशांना नांदेडची हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते. विमान धावपट्टीवर जास्त अंतर धावतं आणि चढही मंद होतो. इंजिनाभोवतीच्या झडपा, म्हणजे काउल फ्लॅप, चढताना उघड्या नसतील तर सिलिंडरचं तापमान झपाट्याने वाढतं. सपाट उड्डाणात त्या मिटायच्या, नाहीतर उगाच वेग खातात.

लातूरची धावपट्टी नांदेडपेक्षा सुमारे आठशे फूट उंच आहे, त्यामुळे खाली येण्याची उंची मोजताना ती धरावी लागते. उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नये. दर शंभर फेऱ्यांना निदान एक इंच, म्हणजे २०५० ला वीसच्या वर, हा वैमानिकांचा जुना हिशेब. नाहीतर हवाच पंखा फिरवते आणि पंखा इंजिनाला. धावपट्टी समोर आल्यावर मिक्स्चर रिच आणि प्रोपेलर पुढे ठेवतात. उतरणं जमलं नाही, तर मग फक्त थ्रॉटल ढकलून पुन्हा वर जाता येतं.

घरच्या जॉयस्टिकवर बहुधा एकच सरकपट्टी असते. ती थ्रॉटलला द्यावी. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल दाबून एफ२ आणि एफ३ ने प्रोपेलर मागेपुढे होतो, सोबत शिफ्ट दाबलं की मिक्स्चर. आणि सेटिंगमधलं स्वयंचलित मिक्स्चर आधी बंद करावं. ते चालू असेल, तर तिसरा दांडा नुसता शोभेचा उरतो.