माहितीचा गोपाळकाला

गोपाळकाल्याची गंमत कशात आहे? कुणी पोहे आणतो, कुणी दही, कुणी लोणच्याची फोड, तर कुणाच्या शिदोरीत नुसत्या लाह्या. पण सगळे एकत्र कालवले की जी चव येते, ती कुठल्याही एका शिदोरीत नसते. संगणकाच्या महाजालावरही असा काला करता येतो. त्याला ‘मॅशअप’ म्हणतात. एका संकेतस्थळावरची यादी, दुसऱ्यावरचा नकाशा, तिसऱ्यावरचे हवामान घ्यायचे आणि आपल्या कामाचे चौथेच पान तयार करायचे.

याचे सुरुवातीचे गाजलेले उदाहरण घरांचे आहे. पॉल रेडमाकर या अमेरिकेतील संगणकतज्ज्ञाने २००५ साली क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर टाचण्या टोचाव्यात तशा मांडल्या. यासाठी त्याने कुणाची परवानगी घेतली नव्हती. पण गूगलने डोळे वटारले नाहीत. उलट त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या नकाशाचे दार इतरांसाठी रीतसर उघडले आणि पुढे रेडमाकरलाच नोकरीवर घेतले.

पण तो पडला जाणकार. ज्याला संगणकाची भाषा येत नाही, त्याने काय करावे? त्यासाठी याहूने फेब्रुवारी २००७ मध्ये ‘पाइप्स’ आणले. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि नळ जोडावेत तशा एकमेकींना जोडायच्या. एक चौकट बातम्या आणणार, दुसरी त्या गाळणार, तिसरी क्रम लावणार. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे ‘पॉपफ्लाय’ आणि गूगलचे ‘मॅशअप एडिटर’ही आले.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आपल्याला नागपुरात याचे काय? काटोल-नरखेडच्या बागायतदाराला विचारा. आंबिया बहाराची संत्री झाडावर पिवळी झाली की त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : आज तोड करावी की चार दिवस थांबावे? उत्तराचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. कळमन्याचा भाव एकीकडे, नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा पावसाचा अंदाज दुसरीकडे. हे दोन्ही शेजारी-शेजारी दिसले, तर निर्णय सोपा होतो. देशभरच्या बाजारांतील रोजचे भाव केंद्र सरकारच्या २०१२ साली सुरू झालेल्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर संगणकाला थेट वाचता येतील अशा रूपात मिळतात. गूगलच्या तक्त्यांच्या वहीत तर एक सूत्र असे आहे, की पानाचा पत्ता आणि त्यावरचा कितवा तक्ता हवा एवढे सांगितले की साध्या पानावरचा तो तक्ता आपल्या वहीत उतरतो. बारावीतल्या मुलीने बापासाठी एका दुपारी करावे, असे हे काम आहे.

मात्र काल्याचे साहित्य आपले नसते. पानाची मांडणी बदलली की वहीतला रकाना रिकामा होतो. हत्यारही आपले नसते. पॉपफ्लाय आणि मॅशअप एडिटर २००९ मध्ये बंद झाले. ‘पाइप्स’ ३० सप्टेंबर २०१५ ला मिटले. त्यावर लोकांनी वर्षानुवर्षे जोडलेले नळ एका दिवसात कोरडे पडले.

याचे मोल किती, हे एप्रिल २०२१ ने नागपूरकरांना शिकवले. खाट कुठे, ऑक्सिजन कुठे, या शोधात माणसे रात्र रात्र फोन फिरवत होती. माझ्या फोनवरही रोज नव्या याद्या येत. बऱ्याच याद्यांवर तारीखच नसे. दिलेला क्रमांक फिरवावा, तर पलीकडून उत्तर येई, ‘कालच संपले.’ माहिती होती. पण विखुरलेली आणि शिळी. त्याच काळात ‘कोविड-१९ इंडिया’चे स्वयंसेवक राज्यांची रोजची पत्रके गोळा करून जिल्हावार आकडे एकाच पानावर मांडत होते. ते आकडे त्यांनी इतरांनाही मोकळे ठेवले. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवले. पण देशाला काय हवे होते, ते दाखवून दिले. रुग्णांचे आकडे असे जुळले. रिकाम्या खाटांचे तसे जुळले असते, तर कितीतरी घरांची वणवण वाचली असती.

म्हणून मला वाटते, हत्यारे येतील आणि जातील. खरा प्रश्न शिदोरीचा आहे. सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र संकेतस्थळावर टाकले म्हणजे माहिती खुली झाली, असे मानणारी कार्यालये आजही आहेत. डोळ्यांना ते दिसते, पण त्याचा काला होत नाही. आकडे साध्या तक्त्यात द्या, त्यावर तारीख आणि वेळ घाला, पत्ता वारंवार बदलू नका. एवढ्या तीन गोष्टी महापालिकेने, बाजार समितीने आणि रुग्णालयांनी पाळल्या, तर पुढचे काम आपली मुले करतील. आणि त्या पाळल्या जात नसतील, तर विचारणा करायला आपण कशाला लाजायचे? माहिती जनतेच्या पैशातून गोळा झालेली आहे.