मुक्त उपलब्धता आणि विद्यार्थी : काही शब्दांचा विचार

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी जून-जुलै महिन्यांत ‘खुला’ हा शब्द ज्या अर्थाने कानी पडतो, तो अर्थ आरक्षणाच्या व्यवस्थेतून आलेला आहे. ‘खुल्या’त किती जागा उरल्या, ‘खुल्या’ची यादी किती गुणांवर थांबली, असे विद्यार्थी व पालक बोलत असतात. ‘प्रवेश’ या शब्दाचेही तसेच. महाविद्यालयाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे, हाच त्याचा शैक्षणिक व्यवहारातील रूढ अर्थ होय. अशा स्थितीत ‘ओपन ॲक्सेस’ या संज्ञेचे ‘खुला प्रवेश’ असे शब्दशः भाषांतर केल्यास, हा विषय संशोधनलेख वाचावयास मिळण्यासंबंधीचा आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानी येणे कठीण. ‘मुक्त’ हा शब्दही अगदी निर्दोष नाही. 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यापासून त्यास दूरशिक्षणाची छटा आली आहे. तथापि त्यातल्या त्यात कमी घोटाळ्याची म्हणून ‘मुक्त उपलब्धता’ ही संज्ञा येथे योजिली आहे.

संज्ञेचा हा ऊहापोह केवळ हौसेचा नव्हे. विद्यार्थ्यांनी ज्ञानाच्या मोकळेपणासाठी जे जे लढे दिले, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा भारतीय लढा शब्दांच्या अर्थावरच लढला गेला, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

फेब्रुवारी 2002 मध्ये बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने या कल्पनेस निश्चित रूप दिले. त्यात दोन अडसर दूर व्हावेत अशी अपेक्षा होती. एक मोलाचा, म्हणजे लेख वाचण्यासाठी पैसे पडू नयेत. दुसरा परवानगीचा, म्हणजे लेख उतरवून घेण्यास, वाटण्यास, त्यावर पुढील काम करण्यास प्रत्येक वेळी मालकाच्या दारी जावे लागू नये. लेखकाचे नाव राखले जावे व त्याच्या लेखनाशी इमान राखले जावे, एवढीच मर्यादा. पहिला अडसर सर्वांस दिसतो. दुसऱ्याचा विचार क्वचितच होतो.

दिग्रस येथे भाषाविज्ञानाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची स्थिती कल्पून पाहावी. विषयाला तेथे तोटा नाही. दिग्रस, पुसद, दारव्हा, आर्णी या टापूत वऱ्हाडी मराठीच्या जोडीने बंजारा समाजाची गोरमाटी तांड्यातांड्यांतून बोलली जाते. जिल्ह्याच्या पूर्वेकडे कोलामी आहे, आणि ती तर द्राविड कुळातील. परंतु या भाषांवर जे लिहिले गेले ते कोठे आहे? ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडी आहे, चौथ्यात (1906) कोलामी आहे, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907) बंजारी आहे. हे खंड आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथसंग्रहातून कोणासही विनामूल्य पाहता येतात. मोल्सवर्थचा कोशही तेथेच आहे. मरी इमेनो यांचे कोलामीवरील पुस्तक 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापले, आणि त्यानंतरचे बरेचसे विवेचन परदेशी नियतकालिकांत विखुरलेले आहे. म्हणजे स्वतःच्या आजीच्या बोलीची शंभर वर्षांपूर्वीची स्थिती या विद्यार्थ्यास फुकट वाचता येते. तिच्यावर अलीकडे काय लिहिले गेले ते मात्र विकत, आणि तेही डॉलरांत. विद्यापीठाचे ग्रंथालय अमरावतीस आहे. दारव्हा, नेर करीत एस.टी.ने तेथे जाऊन परतणे म्हणजे एका संदर्भासाठी एक दिवस खर्ची घालणे होय.

ही अडचण वऱ्हाडातील विद्यार्थ्याचीच आहे असे नाही. अमेरिकेत 2009 साली विद्यार्थी संघटनांनी ‘संशोधनाचा हक्क’ या नावाने एक आघाडी उभारली. 2013 च्या नोव्हेंबरात डेव्हिड कॅरोल व जोसेफ मॅकआर्थर या ब्रिटनमधील दोन विद्यार्थ्यांनी एक साधी युक्ती काढली. वाचकास लेखापुढे पैशाची भिंत आढळली की त्याने एक कळ दाबावी आणि त्या अडवणुकीची नोंद व्हावी. एरवी प्रत्येक विद्यार्थी आपापल्या जागी निमूटपणे परत फिरतो. त्या निमूटपणास मोजता येण्याजोगे करणे, हे या युक्तीचे मर्म. कोलंबियातील दिएगो गोमेझ या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास तर दुसऱ्या एका अभ्यासकाचा प्रबंध इतरांसाठी उपलब्ध करून दिल्याबद्दल फौजदारी खटल्यास तोंड द्यावे लागले. 2017 साली तो निर्दोष सुटला, पण उमेदीची काही वर्षे त्यात गेली.

भारतातील प्रकरण दिल्ली विद्यापीठातील. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी या नावाचे झेरॉक्सचे दुकान होते. अध्यापकांनी नेमून दिलेल्या वाचनातील निरनिराळ्या पुस्तकांची प्रकरणे एकत्र बांधून ते दुकान विद्यापीठाच्या परवान्याने, पानास 40 पैसे दराने, विद्यार्थ्यांस देत असे. ऑगस्ट 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकान व विद्यापीठ यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ज्ञान सर्वांस समन्यायाने मिळावे म्हणून विद्यार्थ्यांनी संघटना स्थापिली आणि त्या दाव्यात स्वतःस प्रतिवादी म्हणून सामील करून घेतले. ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दावा त्यांच्यावर नव्हता. ते गप्प राहिले असते तर वाद दुकानदार आणि प्रकाशक यांच्या हिशेबाचा ठरला असता. विद्यार्थी पक्षकार झाल्यामुळे तो शिक्षणाचा प्रश्न ठरला. त्या संकलनांत ज्यांचे लेखन होते अशा कित्येक लेखकांनीही दावा मागे घेण्याची विनंती प्रकाशकांस केली.

वादाचा गाभा 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमातील एका वाक्यखंडात होता. ‘अध्यापनाच्या ओघात’ शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेले कोणत्याही कृतीचे पुनरुत्पादन हा हक्कभंग होत नाही, असा त्याचा आशय. प्रकाशकांचे म्हणणे असे की, मूळ मजकुरात ‘शिक्षक’ व ‘विद्यार्थी’ हे शब्द एकवचनी आहेत, तेव्हा सवलत एका शिक्षकापुरती व एका विद्यार्थ्यापुरती. ‘अध्यापन’ म्हणजे वर्गातील प्रत्यक्ष शिकविणे. आणि झेरॉक्सवाला तर शिक्षकही नव्हे, विद्यार्थीही नव्हे. व्याकरणाच्या पुस्तकात शोभावेत असे हे तीन आक्षेप होते.

16 सप्टेंबर 2016 रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दिलेला निकाल भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. कायद्याच्या भाषेत एकवचनात अनेकवचन अंतर्भूत असते, हा सामान्य नियम झाला. त्याहून महत्त्वाचे असे की, त्याच कायद्यात ‘व्याख्यान’ हा शब्द अन्यत्र योजिलेला आहे. येथे तो न योजता ‘अध्यापन’ हा व्यापक शब्द ज्या अर्थी योजिला, त्या अर्थी विधिमंडळास वर्गाच्या चार भिंतींपुरता संकुचित अर्थ अभिप्रेत नसावा. अध्यापनाचा ओघ शिक्षक तयारीस बसतो, वाचन नेमून देतो, तेथूनच सुरू होतो. जे विद्यार्थी पूर्वी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत, तेच आता यंत्राने होत असेल तर साधन बदलल्याने कृत्याचे स्वरूप बदलत नाही, असाही एक मुद्दा त्यात आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ त्याच संहितेतील दुसऱ्या शब्दाशी असलेल्या त्याच्या विरोधातून ठरविणे, ही पद्धत भाषाशास्त्रज्ञास अपरिचित नाही. न्यायालयाने सोस्यूरचे नाव घेतलेले नसले तरी तर्क त्याच वाटेचा होता.

9 डिसेंबर 2016 रोजी द्विसदस्य न्यायपीठाने हा अर्थ मूलतः मान्य केला, परंतु दावा निकालात काढला नाही. ते ते उतारे अध्यापनासाठी खरोखरच आवश्यक होते काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न त्याने पुराव्यासाठी खालच्या न्यायपीठाकडे परत पाठविला. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतल्याने त्याचे उत्तर अनिर्णित राहिले. ‘आता काहीही झेरॉक्स करावे’ असा या निकालाचा अर्थ कित्येक ठिकाणी केला जातो, तो चुकीचा आहे. शेपाचशे प्रती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाचे अख्खे पुस्तक उतरवून विकणे आणि नेमलेले एक प्रकरण वर्गासाठी उतरविणे यांत भेद आहे, आणि तो भेद राखण्यातच विद्यार्थ्यांच्या बाजूचे बळ आहे.

त्यानंतरची मोठी घटना शासकीय आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मान्यता दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके असे तिचे स्वरूप आहे. तिचा उपयोग मोठा आहे यात शंका नाही. तथापि वर्गणी ही मुक्त उपलब्धता नव्हे. भिंत तशीच असते, तिची किल्ली काही जणांस काही काळ मिळते. शिवाय योजना केंद्र व राज्य शासनांच्या ‘व्यवस्थापनाखालील’ उच्च शिक्षणसंस्थांसाठी म्हणून जाहीर झाली. विदर्भात तालुक्याच्या गावची बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांनी उभारलेली आहेत. शासन त्यांतील कित्येकांस अनुदान देते, व्यवस्थापन करीत नाही. म्हणजे येथेही एका शब्दाच्या अर्थावर विद्यार्थ्यांचा वाटा अवलंबून आहे. ‘व्यवस्थापन’ या शब्दाच्या कक्षेत अनुदानित महाविद्यालय येते काय, हे लेखी विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्यास माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने दिलेला आहे.

इतरांचे लेखन मुक्त व्हावे असे म्हणणाऱ्या विद्यापीठांचे स्वतःचे लेखन कितपत मुक्त आहे, हाही प्रश्न ओघानेच येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे देणे बंधनकारक केले, आणि ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. आपले श्रम कोणी चोरील अशी भीती त्या वेळी पुष्कळ मार्गदर्शकांनी व्यक्त केली. वस्तुतः उसनवारी लपविण्यास कुलूपबंद कपाटाइतके सोयीचे स्थान दुसरे नाही; उघड्यावरचा प्रबंध कोणी चोरला तर तो सापडतो.

परंतु शोधगंगेतील मराठी प्रबंधांस एक निराळाच अडसर आहे. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही यांतील पुष्कळसे प्रबंध त्यानंतरही जुन्या टंकांत जुळविले गेले. अशा टंकांत पडद्यावर ‘तांडा’ दिसतो, पण यंत्राच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरे व चिन्हे यांची एक निरर्थक मालिका असते. परिणामी ‘तांडा’ हा शब्द शोधला असता तो त्या प्रबंधात नाहीच, असे उत्तर मिळते. काही प्रबंध तर केवळ पानांची छायाचित्रे आहेत. भाषाविज्ञानाच्या प्रबंधांत ध्वनिलेखनाची चिन्हे येतात, त्यांची दैना याहून अधिक. प्रबंध विनामूल्य आहे, परवानगीही लागत नाही, आणि तरी तो सापडत नाही.

वऱ्हाडास हा प्रकार नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत राखले. अक्षरांच्या जागी भलतीच अक्षरे व चिन्हे योजण्याची ती सांकेतिक लिपी रवळोबास याच्या नावावर सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी तिची उकल केली, तेव्हा कोठे आद्य मराठी गद्याचे एक भांडारच अभ्यासकांपुढे आले; यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्यांचे संशोधन त्यानंतरचे. महानुभावांनी लिपी बुद्ध्या मिटली होती, पावित्र्य राखण्यासाठी. जुन्या टंकांतील प्रबंध मात्र कोणीही हेतुपूर्वक मिटलेले नाहीत, आणि त्यांची उकल करण्यास राजवाड्यांची प्रतिभा लागत नाही. त्या त्या टंकाचे अक्षरसंकेत ठाऊक आहेत, रूपांतराची साधने आहेत. लागते ते ओळीओळीने ताडून पाहणारे डोळे.

हे काम विद्यार्थ्यांच्या चळवळीच्या कार्यक्रमात क्वचितच दिसते. मोर्चा आणि निवेदन यांची सवय अधिक. ते कोणाकडे मागावयाचे नसून करावयाचे आहे. मात्र त्याच्या जोडीने विभागाकडे मागण्यासारख्याही दोन गोष्टी आहेत. यापुढील प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारले जावेत, आणि बोलीविषयक प्रबंधांसोबत मूळ ध्वनिमुद्रणे, बोलणाऱ्यांच्या संमतीने, ठेवली जावीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवून असे करता येते हे दाखविले आहे. पुसद-दिग्रसच्या तांड्यांतून नमुने गोळा करून पदवी मिळविणाऱ्यांची संख्या थोडी नसावी. ते नमुने ज्यांच्या तोंडचे, त्यांच्या मुलांना आज ते ऐकावयाचे झाल्यास कोणाचे कपाट उघडावे लागेल, याची चौकशी प्रत्येक विभागाला आपल्या दप्तरातूनच सुरू करता येईल.