चारित्र्याची तासिका

महाराष्ट्रात डी.एड. केलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं, तरी तो दहा मूल्यं घडाघडा म्हणून दाखवेल. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता आणि स्त्री-पुरुष समानता. नव्वदच्या दशकात ही यादी प्राथमिक शाळांत आली, भिंतींवर ऑइलपेंटने रंगली आणि पाठटाचणाच्या वहीत जाऊन बसली. कवितेसमोर ‘संवेदनशीलता’ लिहायचं, विज्ञानासमोर ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’. रकाना भरला की मूल्य शिकवून झालं.

आता नवी यादी आली आहे. मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये 24 चारित्र्यगुण सहा गटांत मांडले : कुतूहल, चिकाटी, दयाळूपणा, न्यायबुद्धी, आत्मसंयम, कृतज्ञता, विनोदबुद्धी वगैरे. विनोदबुद्धी त्यांनी गुणांत धरली याबद्दल मी दोघांचा ऋणी आहे. आपल्या दहांत ती नव्हती, आणि वर्गात हसणाऱ्याला बाकावर उभं करायची आपली जुनी रीत. 2008 मध्ये सेलिगमन आपली माणसं घेऊन ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग ग्रामर या बड्या निवासी शाळेत गेले, तिथल्या शिक्षकांना त्यांनी प्रशिक्षण दिलं, आणि गुण व सुस्थिती शिकवण्याचा हा प्रकार जगभर गाजला. खेळाची हिरवीगार मैदानं, वसतिगृहं, मुलांमागे पुरेशी मोठी माणसं असं सगळं त्या शाळेत आधीपासूनच होतं. हे लक्षात ठेवून इकडे येऊ.

फुलचूर गोंदिया शहराला खेटून आहे. अशा गावात शहराची वस्ती सरकत येते आणि धानाच्या बांध्या मागे हटत जातात. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांना लागून आहे. इथल्या पोराच्या घरात पोवारी किंवा झाडीबोली, एखाद्या आजीच्या तोंडी गोंडी किंवा छत्तीसगडी, बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पहिलीच्या वर्गात गप्प बसलेलं पोर लाजाळू असतं असं नाही. त्याच्याकडे बोलायला पुष्कळ असतं, फक्त ते कुठल्या भाषेत बोललं तर चालेल, याचा त्याला अंदाज आलेला नसतो. घरच्या बोलीत दिलेलं उत्तर गुरुजींनी न हसता ऐकून घेतलं, की चोविसातले दोन-तीन गुण एका झटक्यात बाहेर येतात. यासाठी वेगळी तासिका लागत नाही.

तासिका तशी रोज असतेच. तिला आपण परिपाठ म्हणतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा, दिनविशेष, बातम्या, शेवटी मौन. आखणी म्हणून पाहिलं तर परिपाठात काही उणं नाही. रोज नव्या मुलाने चारचौघांसमोर उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पण बोधकथा संपली की ‘तात्पर्य’ सांगून सगळे मोकळे होतात. कोल्ह्याने काय केलं हे सांगितलं जातं. ‘तुझ्यावर अशी वेळ कधी आली होती का’ हे विचारलं जात नाही. विचारलं, तर वीस मुलांची वीस उत्तरं ऐकावी लागतील, आणि तेवढ्यात शाळेच्या मोबाइलवर कुठल्याशा माहितीची मागणी येऊन पडलेली असते.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. दोघांत चार-पाच वर्ग. त्याच कायद्याच्या 27व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम द्यायला मनाई केली आहे, पण या तीन अपवादांतच पुष्कळ दिवस मावतात. शिवाय खिचडीचा हिशेब, ऑनलाइन नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जोडणी. मूल्यशिक्षण गोंदियाच्या सिव्हिल लाइन्समधल्या इंग्रजी शाळेत करायचं असो की देवरीकडच्या दोनशिक्षकी शाळेत, पुस्तक तेच मिळेल. ऐकणाऱ्याकडे उरलेला वेळ तेवढा वेगळा असतो.

महाराष्ट्रात हे सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर कोणी केलं असेल तर ‘मूल्यवर्धन’ने. लातूरच्या 1993च्या भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणणारे शांतिलाल मुथ्था यांनी 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या 500 शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. पुढे 2015-16 पासून राज्य शासनाबरोबर तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. त्याचा पाया संविधानातल्या चार शब्दांवर आहे : न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. प्रवचन कमी, करून पाहणं जास्त. जोडीत काम, गोलात बसून चर्चा, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणं. मला यात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो गोल. रांगेत बसलेल्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला पुढच्याची पाठ दिसते, गोलात चेहरे दिसतात. कार्यक्रम गाव-तालुका ओलांडून राज्याचा झाला, की मात्र त्याचं जे होतं ते यालाही चुकलं नाही. प्रशिक्षण झालं का, पुस्तिका पोचल्या का, फोटो चढवले का, एवढंच वरून विचारलं जातं. गोलात बसून पोरं काय बोलली हे कुठल्याच नमुन्यात भरता येत नाही.

दिल्लीने 2 जुलै 2018 रोजी दलाई लामांच्या उपस्थितीत ‘हॅपीनेस’ अभ्यासक्रम सुरू केला : नर्सरी ते आठवी, रोज 45 मिनिटं, परीक्षा नाही. आपल्याकडे 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला. त्यात योग-ध्यानापासून ताणतणाव आणि रस्ता सुरक्षेपर्यंत सगळं आहे. शनिवारी दप्तर नाही यातच मुलांचा निम्मा आनंद, आणि तो खरा आहे. उरलेले पाच दिवस कोणते म्हणायचे, हा प्रश्न मी शासनाला विचारत नाही.

दलाई लामांवरून आठवलं. गोंदिया जिल्ह्यातच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, सत्तरच्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. दलाई लामांच्या ‘धर्मनिरपेक्ष नीती’च्या कल्पनेवर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने शालेय अभ्यासक्रम बेतला आणि 2019 मध्ये त्याचं उद्घाटन दिल्लीत झालं. म्हणजे ज्या विचाराची जगभर शिबिरं भरतात, तो मानणारे लोक पन्नासेक वर्षं इथल्याच मातीत राहताहेत, आणि त्यांच्या नि आपल्या शाळांतल्या शिक्षकांना एकत्र बसवावं असं फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता मुख्य प्रश्न. हे सगळं शिकवून काही होतं का?

शंका जुनी आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी 1920च्या दशकात अमेरिकेतल्या दहा हजारांवर मुलांना खोटं बोलायची, नक्कल करायची, पैसे लांबवायची संधी मुद्दाम देऊन पाहिली. 1928 मध्ये निष्कर्ष छापून आले. परीक्षेत नक्कल करणारं पोर खेळात प्रामाणिक निघालं, खेळात चुकवेगिरी करणाऱ्याने पैशाला हात लावला नाही. प्रामाणिक आणि अप्रामाणिक असे मुलांचे दोन गट पडेचनात; प्रसंग बदलला की वागणं बदलत होतं. नीतीचे धडे घेतलेली मुलंही त्यामुळे फारशी वेगळी वागली नाहीत. शंभर वर्षं होत आली तरी हा अभ्यास धडे लिहिणाऱ्यांच्या गळ्यात अडकलेला आहे.

दुसरी बाजूही आहे. 2011 मध्ये जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या 213 कार्यक्रमांचे निकाल एकत्र करून पाहिले. त्यांत 2,70,000 हून अधिक विद्यार्थी होते. वागणूक सुधारली आणि अभ्यासातही 11 शतमकांची आघाडी दिसली. शिक्षण परिषदांत हा आकडा हमखास पडद्यावर येतो. त्यानंतर 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 85 शाळांतल्या सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. शिक्षकांनी नीट प्रशिक्षण घेऊन वर्गात सजगतेचे धडे दिले होते, तरी नेहमीच्या शाळांपेक्षा त्या मुलांची मनःस्थिती काही बरी निघाली नाही. हा आकडा परिषदांत सहसा दिसत नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो बिहारचा प्रयोग, आणि त्याचं मूळ गोव्यात आहे. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तिने नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा उपक्रम राबवला. शाळांचे तीन गट केले. एका गटात फक्त नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम. दुसऱ्यात शाळेतल्याच शिक्षकाने नवा उपक्रम चालवायचा. तिसऱ्यात तोच उपक्रम, पण चालवायला बाहेरून नेमलेला, थोडं प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्राचा पदवीधर असायची अटही नव्हती. भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, अडचणीत असलेल्या मुलाशी एकांतात बोलणं, एवढंच काम. निकाल 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण ठळकपणे सुधारलं. नैराश्य, दादागिरी आणि मारहाण घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत जवळपास काहीच फरक पडला नाही.

हे वाचून शिक्षकांनी रागावू नये. पुस्तिका एकच, पेटी एकच. एका माणसाला दिवसभर दुसरं काम नव्हतं आणि दुसऱ्याला शिकवायचंही होतं, तपासायचंही होतं. शिवाय ज्याच्या हातात गुण आणि छडी आहे, त्याच्याजवळ मन मोकळं करायला पोरं कचरतात, असं मला वाटतं. मारणाऱ्याची तक्रार मारणाऱ्याकडेच करायची?

यात नवीन काय, असं अमळनेरचा कोणी जुना विद्यार्थी म्हणाला असता. साने गुरुजी 1924 ते 1930 तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांचा ठसा उमटला तो छात्रालयात, आणि तिथे ते मुलांबरोबर राहत. खोल्या झाडणं, कपडे आवरून ठेवणं ही कामं ते गाजावाजा न करता स्वतः करत. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक मुलांसाठी निघे. नालंद्याच्या भित्तिपत्रकाचा पूर्वज तो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे उभं केलं, त्यात गुरं राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा होती. मूल शाळेत येत नाही, मग शाळा मुलाकडे जाईल, इतका सरळ हिशेब.

तो हिशेब गोंदियात धानाच्या रोवणीच्या वेळी हमखास आठवतो. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पाठोपाठ रोवणीला तोंड फुटतं. आईबाप पहाटे बांधीत, धाकट्या भावंडाला सांभाळायला पाचवी-सहावीतली बहीण घरी. चिकाटी, जबाबदारी, आत्मसंयम, सहकार्य हे सगळं ती त्या पंधरा-वीस दिवसांत करून दाखवते. हजेरीपत्रकावर तिच्यासमोर ‘गैर’ पडतं, आणि परत आल्यावर तिला चिकाटीवरची बोधकथा ऐकवली जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. जंगलालगतच्या तालुक्यांत वर्षाचा निम्मा ताल असाच. या मुलांत गुण रुजवायचेत असं धरून चालणारा कार्यक्रम मला उर्मट वाटतो. त्या मुलीला गुणांपेक्षा अंगणवाडी वेळेवर उघडी हवी, म्हणजे धाकट्याला तिथे सोडता येईल. आठवीनंतर तिला मानव विकास कार्यक्रमातली निळी बस हवी, जी शाळा सुटायच्या वेळी खरोखर फाट्यावर येईल. तिच्या सुस्थितीचा बराचसा भाग एसटीच्या वेळापत्रकात आहे.

कार्यक्रम बंद करा, असं मी म्हणत नाही. मूल्यवर्धनाचा गोल राहू द्या, शनिवारही राहू द्या. फुलचूरसारख्या गावात मात्र सुरुवात माणसापासून करता येईल. गोंदिया शहर हाकेवर आहे. बी.ए., एम.एस.डब्ल्यू. होऊन स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसलेली मुलं-मुली आसपासच्या प्रत्येक गावात आहेत, आणि पोवारी-झाडी-हिंदी तिन्ही त्यांना येतात. दोन-तीन शाळांमागे असा एक जण, महिन्याला ठरलेलं मानधन, हजेरी-खिचडी-निवडणुकीच्या कामातून लेखी मुक्तता. ही लेखी मुक्तता सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती नसेल तर दिवाळीपर्यंत तोही आधार जोडणीला बसलेला सापडेल.

पेटी तर शाळांत आधीच आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी शासनाने तक्रारपेटी सक्तीची केली आहे, आणि 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर तिची पुन्हा आठवण करून दिली. ती बहुतेक मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलेली असते, म्हणजे चिठ्ठी टाकणारं पोर सगळ्यांना दिसावं अशी. ती तिथून हलवून पाण्याच्या टाकीजवळ लावायला खर्च येत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. त्यामुळे पहिल्या महिन्यात पेटीतून काय निघेल याचा अंदाज कोणत्याही मुख्याध्यापकाला आहे, आणि पेटीची किल्ली कोणाकडे असावी यावरच शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक अडेल.