जुन्या लॅपटॉपचा चार्जर : पिन बसली म्हणून लावू नका

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे व फोटो टिपणारी ती सगळी सामग्री एका लॅपटॉपला जोडलेली असे. नंदुरबार जिल्ह्यातील किती तरी कष्टकरी माणसांनी लॅपटॉप नावाची वस्तू पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून पाहिली असेल ती अशाच नोंदणी केंद्रात. आज तीच वस्तू आपल्या घरात येऊ लागली आहे. नवा घेणे परवडत नाही. मग सुरतेला कामाला गेलेला भाऊ तिथल्या जुन्या बाजारातून एखादा वापरलेला लॅपटॉप मुलीच्या अभ्यासासाठी घेऊन येतो. गाडी नवापूरला येते तेव्हा पिशवीत लॅपटॉप असतो, पण त्याचा मूळ चार्जर असेलच असे नाही. असला तरी तो दुसऱ्याच कुणाचा असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, घोटाळा इथेच होतो. पिन बसते, म्हणून चार्जर लावला जातो. पिन बसणे ही खूण फसवी आहे.

एक उदाहरण देतो. आयबीएम कंपनीचे जुने थिंकपॅड, म्हणजे २००५ च्या आसपासपर्यंतचे, १६ व्होल्टवर चालत. त्यांची गोल पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटर आणि आतून अडीच मिलिमीटर. नेमकी हीच पिन आसुसच्या व तोशिबाच्या अनेक चार्जरांना आहे आणि ते १९ व्होल्ट देतात. पिन अगदी घट्ट, छान बसते. तीन व्होल्ट जास्त जातात आणि आतला बोर्ड जळू शकतो. पदरमोड करून आणलेली वस्तू एका मिनिटात भंगारात. लिनोव्होने २००६ पासून थिंकपॅडला २० व्होल्ट व जाड पिन दिली, त्यामुळे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांचे चार्जरसुद्धा एक नसतात. जुन्या तोशिबांपैकी अनेक १५ व्होल्टचे, एचपी-कॉम्पॅकचे पुष्कळसे साडेअठराचे, डेलचे साडेएकोणीसचे. नाव वाचून अंदाज करू नये, आकडा वाचावा.

हा आकडा लॅपटॉपच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर असतो. तिथे 'इनपुट' असे इंग्रजीत लिहून पुढे व्होल्ट व अँपिअर दिलेले असतात. चार्जरवरच्या चिठ्ठीत मात्र 'आउटपुट' पाहावे. तिथला 'इनपुट' म्हणजे भिंतीतली वीज. पोटाखालची चिठ्ठी झिजली असेल तर लोक बॅटरी काढून तिच्यावरचा आकडा वाचतात. तो १०.८ किंवा १४.४ असा काही तरी असतो. तो बॅटरीचा दाब आहे, चार्जरचा नव्हे. चार्जरचा त्याहून जास्तच असतो. अशा वेळी मॉडेलचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा आणि त्यावरून शोध घ्यावा.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअरचे तसे नाही. अँपिअर म्हणजे चार्जरची ताकद, आणि लॅपटॉप त्यातून गरजेपुरतेच घेतो. साडेतीन अँपिअर मागणाऱ्याला साडेचारचा चार्जर चालतो, अडीचचा चालत नाही. तो तापतो, मध्येच बंद पडतो, कधी वितळतोही. तिसरी गोष्ट चिन्हाची. एक ठिपका, त्याभोवती अर्धगोल आणि दोन्हींकडे अधिक-उणे. बहुतेक ठिकाणी आतली बाजू अधिक असते, पण ती गृहीत धरू नये. दोन्ही चिठ्ठ्यांवरची चिन्हे सारखी असली पाहिजेत.

खेड्यातल्या विजेचा विचार करून बनवलेला लॅपटॉपही एके काळी आपल्या महाराष्ट्रात आला होता. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप देण्यात आले. ११ पासून १८ व्होल्टपर्यंत काहीही दिले तरी ते चालत आणि तारा उलट जोडल्या तरी जळत नसत. सगळ्या कंपन्यांनी हेच केले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. असो.

आता दुरुस्ती. चार्जर मेला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा फक्त वायर तुटलेली असते, आणि ती एकाच जागी, पिनेच्या किंवा डब्याच्या मुळाशी. वायर डब्याभोवती आवळून गुंडाळायची आपली सवय त्याला कारण. वायर हलवली की दिवा लागतो-विझतो, हे त्याचे लक्षण. मल्टिमीटर डीसीवर ठेवून पिनेच्या आतल्या व बाहेरच्या भागात दाब मोजावा. चिठ्ठीवर १९ असेल तर १९ च्या आसपास दिसला पाहिजे. डेलच्या मोठ्या पिनेत मधोमध सुईसारखी बारीक तार असते. तिच्यावर मोजू नये. ती तार चार्जरची ओळख लॅपटॉपला कळवते. ती तुटली की लॅपटॉप चालतो, पण मंद, आणि बॅटरी भरत नाही. लोक उगाच बॅटरी बदलतात.

तुटलेला भाग कापून नव्या पिनेची वायर जोडणे हे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे दहा मिनिटांचे काम. आतली तार बहुधा अधिक आणि तिच्याभोवतीची जाळी उणे असते, पण कापण्याआधी मोजून घ्यावे. नवी वायर जुन्याइतकीच जाड हवी. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नये; डाख द्यावा, दोन्ही जोड वेगळे झाकावेत.

वायर ठीक असून दाब येत नसेल तर दोष डब्याच्या आत आहे. इथे आपण थांबावे. आतला मोठा कंडेन्सर ४०० व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात सव्वातीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. तो झटका जीव घेऊ शकतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केलेला कारागीर तो आधी रिकामा करतो, फुगलेले कंडेन्सर त्याच व्होल्टचे आणि जास्त उष्णता सोसणारे घालतो, मग भिंतीकडच्या बाजूला सिरीज बल्ब लावून पहिल्यांदा चालू करतो. बल्ब क्षणभर चमकून मावळला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. डब्यात निळा, चपटा एक छोटा कंडेन्सर दोन्ही बाजूंना जोडतो. त्याच्या जागी कुणी साधा घातला तर पुढे लॅपटॉपच्या धातूच्या भागालाच करंट येऊ शकतो. दुरुस्ती करून घेताना हे विचारायला संकोच करू नये.

कधी लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. चांगल्या चार्जरमध्येही हे घडते, कारण तीन पिनांचा प्लग आपण दोन पिनांच्या बोर्डात लावतो किंवा घराला अर्थिंगच नसते. अर्थिंग करून घ्यावे, झिणझिण्या जातात. झटका जोराचा असेल तर मात्र चार्जर ताबडतोब बाजूला ठेवावा.

धडगाव-अक्कलकुवा भागात दाब कमी येतो म्हणून चार्जर खराब होतो, असा समज आहे. पण बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. ट्यूब लागेना तरी लॅपटॉप चालतो. चार्जरला मारतो तो जास्त दाब. लाइनची न्यूट्रल तुटली की घरात ४०० च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. पावसाळ्यात गडगडू लागले की प्लगच काढावा.

दुरुस्त केलेला चार्जर थेट मुलीच्या लॅपटॉपला लावू नये. चारचाकीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब एकामागे एक जोडून १९ व्होल्टच्या चार्जरवर लावावेत. सुमारे दीड अँपिअरचा भार पडतो. बल्ब थंड असताना चार्जर एखाद वेळी दचकून बंद होईल. मग प्लग काढून थोड्या वेळाने पुन्हा लावावा. अर्धा तास चालू ठेवावे. बल्ब चांगलेच तापतात, म्हणून ते फरशीवर ठेवावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे. डबा कोमट झाला तर हरकत नाही. हात ठेववेना, वास आला किंवा दाब एका व्होल्टहून जास्त उतरला, तर तो कारागिराकडे परत न्यावा.