नवं ग्राफिक्स कार्ड आवाज का करतं?

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, गेम सुरू केला आणि कॅबिनेटमधून बारीक किर्र आवाज यायला लागला, की पैसे पाण्यात गेले असंच आधी वाटतं. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू असली की धास्ती वाटणारच. पण कार्डातून येणारे बहुतेक आवाज धोक्याचे नसतात आणि जे असतात ते घरच्या घरी ओळखता येतात. त्यासाठी आवाज केव्हा येतो आणि कशाबरोबर कमी-जास्त होतो, हे पाहायचं. एकाला जे किर्र वाटतं ते दुसऱ्याला घर्र वाटेल. पंखा थांबल्यावर आवाज थांबला का, याचं उत्तर मात्र दोघंही एकच देतील.

बहुतेक कार्डांत आवाज करू शकणाऱ्या जागा मुळात दोनच: पंखे आणि कॉइल.

आधी कॉइलचं पाहू, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून, कार्डाला १२ व्होल्ट मिळतात. मुख्य चिपला लागतो जेमतेम १ व्होल्ट, पण प्रवाह प्रचंड लागतो. चिपच्या वाट्याला २५० वॅट आले, तर १ व्होल्टला २५० अँपिअर झाले. १२चा १ करण्याचं काम चिपच्या आजूबाजूला ओळीने बसवलेले काळे-करडे चौकोनी ठोकळे करतात. त्या प्रत्येकात तांब्याची कॉइल असते. तिला मिळणारा वीजपुरवठा सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे ही उघडझाप आपल्याला ऐकू येत नाही.

ऐकू येते ती दुसरीच गोष्ट. चिप प्रत्येक फ्रेम काढताना जोरात प्रवाह ओढते आणि फ्रेम संपली की क्षणभर सैल सोडते. सेकंदाला ३०० फ्रेम्स निघत असतील, तर हा ताण ३०० वेळा चढतो आणि उतरतो. एकेका फ्रेमच्या आतही चढउतार असतातच. त्या तालावर कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तार व गाभा अतिसूक्ष्म प्रमाणात थरथरतात. गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी गुणगुणते तीही याच जातीच्या थरथरीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिचा सूर १०० हर्ट्झचा, जाड लागतो. कार्डाचा बारीक लागतो. याला कॉइल व्हाइन म्हणतात. गेमच्या मेनूवर असताना हा आवाज अचानक वाढतो त्याचं कारणही हेच आहे. मेनूत काढण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून मर्यादा घातली नसेल तर कार्ड सेकंदाला हजाराच्या घरात फ्रेम्स काढत सुटतं. २०१० साली 'स्टारक्राफ्ट २' हा गेम आला तेव्हा त्याच्या मेनूमुळे कार्डं तापू लागली आणि फ्रेम्सवर मर्यादा कशी घालायची, हे तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीला खेळाडूंना सांगावं लागलं होतं.

आता तपासणी. आजकालच्या बऱ्याच कार्डांचे पंखे चिप साधारण ५०-६० अंशांवर जाईपर्यंत फिरतच नाहीत. थंड मशीनवर जड गेम सुरू करा आणि पहिले काही क्षण कान देऊन ऐका. पंखे अजून थांबलेले आहेत आणि तरी किर्र येतेय, तर ती कॉइलच. मग फ्रेम्सची मर्यादा २४० वरून ६० वर आणा. सूर खाली उतरला किंवा विरला, तर शंकाच उरली नाही. उपायही त्यातच आहे: मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेम्स तिथेच बांधून ठेवा, कारण त्यापुढच्या फ्रेम्स पडद्यावर पूर्ण दिसतच नाहीत. 'आफ्टरबर्नर'सारख्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट थोडी खाली आणली, तरी बऱ्याचदा फरक पडतो. कॉइल व्हाइनने कार्डाचं आयुष्य कमी होत नाही. काही दिवसांत ती आपोआप जाते असं सर्रास सांगितलं जातं. काहींची कमी होतेही, पण त्या आशेवर बदलून घेण्याची मुदत संपू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पंख्याची परीक्षा उलट बाजूने घ्यायची. गेम बंद ठेवा, डेस्कटॉपवर या आणि सॉफ्टवेअरमधून पंख्याचा वेग हाताने ४०, ६०, ८० टक्के असा वाढवत न्या. चिपवर आता ताण नाही, तेव्हा वेगाबरोबर जे वाढेल ते पंख्याचंच. टकटक असेल तर आधी मशीन बंद करून, प्लग काढून टॉर्च मारून बघा. पॉवरची केबल पात्याला घासत असते, किंवा कार्डावरच्या प्लास्टिकच्या संरक्षक पापुद्र्याचं टोक आत लोंबत असतं. केबल टाय लावला की काम झालं. चालत्या पंख्यात बोट किंवा पेन घालून तो थांबवू नका. पातं तुटलं तर वॉरंटीही जाते.

केबल मोकळी असूनही घरघर येत असेल, तर कॅबिनेट काळजीपूर्वक आडवं ठेवून तोच वेग पुन्हा लावा. एरवी कार्डाचे पंखे जमिनीकडे तोंड करून लटकलेले असतात. आडवं केल्यावर त्यांचं वजन बेअरिंगवर वेगळ्या दिशेने येतं. आवाज बदलला किंवा गेला, तर बेअरिंग संशयास्पद आहे. नव्या कार्डाच्या बेअरिंगमध्ये तेल सोडायच्या भानगडीत पडू नये, ते बदलूनच घ्यावं.

एक आवाज मात्र निर्दोष असून घाबरवतो: घूंऽऽ... घूंऽऽ असा चढणारा-उतरणारा. दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असले, की असं होतं. नऊ पात्यांच्या दोन पंख्यांत मिनिटाला १० फेऱ्यांचा फरक असेल, तर सेकंदाला दीड वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. वेग थोडा बदलला की तो ताल मोडतो. एखाद्या ठरावीक वेगालाच कॅबिनेटचा पत्रा गुणगुणत असेल, तर सॉफ्टवेअरमधल्या पंख्याच्या वेगाच्या आलेखात तो वेग टाळून पुढचा लावावा, आणि कार्ड टोकाला झुकलं असेल तर खालून टेकू द्यावा.

पाण्याने थंड होणाऱ्या कार्डात पंपही असतो. २०१५च्या 'रेडिऑन आर९ फ्युरी एक्स'च्या सुरुवातीच्या काही कार्डांत पंपाचीच शिट्टी यायची, आणि पुढे तो पंप सुधारला गेला.

कधीकधी कार्ड बिचारं निर्दोष असतं. नवं कार्ड जुन्या एसएमपीएसकडून जास्त वीज ओढायला लागलं, की किर्र एसएमपीएसच्याच कॉइलमधून येऊ शकते. कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक आधी कार्डाजवळ, मग एसएमपीएसच्या जाळीजवळ न्या; दिशा लगेच कळते. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार उरलेला असतो. मित्राच्या मशीनमध्ये कार्ड लावून बघता आलं, तर त्याहून खात्रीची तपासणी नाही. आवाज फक्त हेडफोनमध्येच येत असेल, तर तो विजेचा हस्तक्षेप आहे. यूएसबीवर चालणारं वेगळं साउंड कार्ड लावलं की बहुधा सुटका होते.

दुकानात न्यायची वेळ आलीच, तर हे ध्यानात ठेवा: बहुतेक कंपन्या कॉइल व्हाइनला दोष मानत नाहीत, पंख्याच्या घरघरीला मानतात. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढताना पंख्याचा वेग, तापमान आणि फ्रेम्सचे आकडे पडद्यावर दिसू द्या. वेग वाढताच घरघर वाढताना त्यात स्पष्ट ऐकू आली, तर "आमच्याकडे तर आवाज येत नाही" हे उत्तर टिकत नाही. खोका आणि बिल जपून ठेवा आणि कॉइलची किर्र फारच बोचत असेल, तर दुकानाची बदलून देण्याची मुदत बिलावर पाहून तिच्या आतच जा; नंतर ती तक्रार ऐकून घेणारं कुणी सापडणं कठीण जातं.