सोडलेले पाणी परत चढत नाही

'माझे कधीही भरून न येणारे नुकसान होईल.' कोर्ट नेवाशाचे असो की श्रीगोंद्याचे, मनाई मागणाऱ्या दाव्यात हे वाक्य सापडतेच. दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो. वकील मंडळी त्याला 'निशाणी पाच' म्हणतात. त्यात हे वाक्य नसेल तर टंकलेखकालाही चुकल्यासारखे वाटते! पण त्याचा अर्थ काय?

दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात. तोवर वादाची वस्तूच नाहीशी झाली तर जिंकून उपयोग काय? म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली निकालापर्यंत मनाई देता येते. त्यासाठी प्रथमदर्शनी हक्क दिसतो का, गैरसोय कोणाची जास्त आणि हानी न भरून येणारी आहे का, हे पाहतात. दलपतकुमार विरुद्ध प्रल्हादसिंग या खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला, की हानी दुरुस्त होणे अशक्यच असावे असे नाही. ती भरीव असावी आणि पैशाने तिची पुरेशी भरपाई होण्यासारखी नसावी.

शेजाऱ्याने उभा ऊस तोडून नेला तर वजनकाटा आहे, भाव आहे. आजोबांच्या हातचे चिंचेचे झाड पाडले तर हिशेब कोणत्या दराने करणार?

आणि हानी दोन्हीकडे तशीच असेल तर? ऑक्टोबर 2023 अखेर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये स्थगिती नाकारली आणि मुळा-निळवंड्याचे पाणी खाली गेले. ते कोणत्याही हुकूमनाम्याने परत धरणात चढत नाही. राहुरीचे हुकलेले आवर्तन पैशाने भरत नाही, हे खरेच. पण पैठणखालच्या कोरड्या शेताचेही तेच. अशा वेळी ही कसोटी दोन्ही पारड्यांत सारखीच पडते आणि मूळ हक्क पाहावा लागतो, म्हणजे 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले समन्यायी वाटप.

एक मात्र सांगतो. नुकसान न भरून येणारे म्हणायचे आणि सहा महिने स्वस्थ बसायचे, हे न्यायाधीशांना पटत नाही. खरीच निकड असेल तर समोरच्याला नोटीस न देताही मनाई मिळते. मग अर्जाचे कागद त्याला लगेच पाठवावे लागतात आणि 30 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो.