पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या पुढे कुठे जातो?

पहाटे पिंजऱ्याचं दार खाली पडतं आणि तासाभरात बांधावर गर्दी जमते. संगमनेर, अकोले, राहुरी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही. आत बिबट्या गुरगुरत असतो आणि बाहेरून एकच मागणी होत असते: याला पुन्हा इकडे सोडू नका, प्राणिसंग्रहालयात टाका. ज्या गावाने बिबट्याच्या हल्ल्यात लेकरू गमावलं आहे, त्या गावाचा हा संताप समजण्यासारखा आहे. मग पकडलेला बिबट्या सरळ पुण्याला, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात का जात नाही?

दार मुद्दामच अरुंद

एके काळी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांचा साठा जंगलातूनच यायचा. पिल्लू हवं असेल तर आधी आईला मारलं जाई, आणि पकडलेल्यांपैकी बरेच प्राणी प्रवासातच दगावत. प्राणिसंग्रहालय जंगलातून प्राणी घेऊ लागलं की ते पकडण्याचा बाजार उभा राहतो, हा त्यातून मिळालेला धडा. म्हणूनच भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हे दार अरुंद केलं.

देशातल्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाने प्राण्याची देवाणघेवाण दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेशीच करायची, असा नियम आहे. बिबट्यासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, तर प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानुसार जंगलातून प्राणी घ्यायचा तो मंजूर प्रजनन कार्यक्रमासाठी, किंवा एकाच रक्ताच्या कळपात नवं रक्त आणण्यासाठी.

त्यामुळे आज पिंजऱ्यामागे दिसणारे बहुतेक प्राणी तिथेच किंवा दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले असतात. मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेत २०२० मध्ये आलेली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली. त्याच बागेत २०१६ मध्ये आलेले ८ हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले होते. परदेशातून प्राणी आणायचा तर आयातीचे परवाने वेगळे घ्यावे लागतात.

कायदा काय म्हणतो?

उसात पकडलेला बिबट्या या चौकटीत सहज बसत नाही. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असलेला पहिल्या अनुसूचीतला प्राणीच राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीने पकडता येतो. पकडल्यावरही त्याला कायमचं कोंडून ठेवायचं असेल, तर तो जंगलात परत जाऊच शकत नाही याची कारणं लिहून ठेवावी लागतात.

म्हणजे सोडणं हाच पहिला पर्याय. पण कुठे सोडायचं, हा प्रश्न सोपा नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचे परिणाम तपासले, तेव्हा दिसलं ते उलटंच. वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरचे हल्ले नंतर १७ वर गेले होते. अनोळखी मुलखात टाकलेला, बिथरलेला प्राणी शांत होत नाही, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

याचं नगर जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे ‘आजोबा’. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला हा नर २००९ मध्ये बाहेर काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडण्यात आला. तो तिथे थांबला नाही. महामार्ग ओलांडत, वस्त्यांच्या कडेकडेने, सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. या प्रवासात त्याने कुणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

निवारा, पण जन्मभराचा

सोडता न येणाऱ्या बिबट्यांसाठी जवळची जागा म्हणजे जुन्नरजवळचं माणिकडोह बिबट निवारा केंद्र. वन विभागाच्या या केंद्राचं काम ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था पाहते. हल्ल्यातला संशयित, अपंग झालेला किंवा आईविना वाढलेला बिबट्या इथे येतो. त्यातला एखादा प्राणिसंग्रहालयात जातो, तो प्राधिकरणाच्या परवानगीनेच.

तिथे पोचण्याआधी प्रश्न असतो आरोग्याचा. लोखंडी गज चावताना बिबट्याचे सुळे तुटतात आणि तुटलेल्या सुळ्यात जंतुसंसर्ग होतो. नवा प्राणी आला की त्याला आधी विलगीकरणात ठेवतात. रक्त आणि विष्ठा तपासतात. नगरच्या बिबट्याबाबत ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण त्याचं मुख्य भक्ष्य कुत्रं आहे. अकोले भागात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. रेबीज आणि कॅनाइन डिस्टेंपर हे कुत्र्यांचे रोग मांजरकुळातल्या प्राण्यांनाही होतात. २०१८ मध्ये गीरमध्ये महिनाभरात २० हून अधिक सिंह मेले, त्यामागे डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. एक बाधित बिबट्या आत आला, तर सगळं केंद्र धोक्यात येतं.

शिवाय बंदिवासात बिबट्या २० वर्षंही जगतो. तितकी वर्षं त्याला मांस, डॉक्टर आणि फिरण्यापुरती जागा द्यावी लागते. उसातला प्रत्येक बिबट्या आत घ्यायचा म्हटलं, तर इतकी जागा कुठल्याच केंद्राकडे नाही. अकोल्याच्याच अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ५ प्रौढ बिबटे आढळले होते, तेही जंगलाबाहेर, शेतीच्या मुलखात.

पिल्लू दिसलं तर

जन्मभराची ही कैद टाळण्याची एक जागा मात्र शेतातच आहे. ऊसतोडीच्या वेळी कामगारांना पाचटात बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी अशी पिल्लं उचलून नेली जात आणि मग जन्मभर पिंजऱ्यात राहत. आता वन विभाग आणि पशुवैद्य त्यांची तपासणी करून, कातडीखाली ओळखीची चिप बसवून, त्याच दिवशी अंधार पडताना त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि माणसांना दूर करतात. बहुतेक वेळा आई रात्रीतून येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. एखाद्या रात्री ती आली नाही, तर पुन्हा प्रयत्न होतो. पिल्लं शोधत वस्तीभोवती फिरणारी मादी जास्त धोकादायक असते, म्हणून ही भेट गावाच्याही हिताची.

त्यासाठी पिल्लू हातात घेणं, त्याच्यासोबत फोटो काढणं, दूध पाजणं टाळायचं. तोड थांबवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. आणि पिंजरा लागला तरी शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी बंद ठेवायचा, वस्तीजवळ मोकाट कुत्र्यांना पोसणारा कचरा साठू द्यायचा नाही, दिवेलागणीनंतर मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही. कारण पकडलेला बिबट्या कुठेही गेला, तरी उसाची रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.